आधी ड्यूटी लिस्ट, मग जाहिरात

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. साठ खाटांच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात प्रशासक म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच महिन्यात चार सिस्टर राजीनामा देऊन गेल्या. विश्वस्त म्हणतात पेपरात जाहिरात द्या, मेट्रनबाई म्हणतात पगार वाढवल्याशिवाय कोणी टिकणार नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरी जाहिरातीचा मजकूर लिहायच्या आधी गेल्या तीन महिन्यांच्या ड्यूटी लिस्टा काढ आणि मस्टरशी ताडून बघ. भिंतीवर लागलेली लिस्ट आणि प्रत्यक्ष झालेली ड्यूटी यांत जितका फरक, तितकी गळती. माणसं का जातात हे तिथे बरंचसं लिहिलेलं असतं.

आधी हिशोब करू. वॉर्डातली एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायला ८७६० तास लागतात. एका सिस्टरच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक ऑफ, सणांच्या ८ सुट्ट्या आणि किरकोळ, आजारपणाच्या, हक्काच्या मिळून ३० रजा वजा केल्या की २७५ दिवस उरतात. आठ तासांप्रमाणे २२०० तास. म्हणजे एका जागेला चार सिस्टर. पाळ्या तीन म्हणून सिस्टर तीन, हा हिशोब जिथे जिथे केला जातो तिथे रजा मागणारी प्रत्येक मुलगी गुन्हेगार ठरते, कारण तिच्या रजेची तरतूदच केलेली नसते.

आता तुझं हॉस्पिटल. आयसीयूच्या ८ खाटांना, दोन पेशंटमागे एक सिस्टर धरली, तर प्रत्येक पाळीला ४ लागतात. व्हेंटिलेटरवर कोणी असेल तर त्याला एक स्वतंत्र. वॉर्डाच्या ५२ खाटांपैकी सरासरी ३६ भरलेल्या असतात असं तू लिहिलंस. सहा पेशंटमागे एक या प्रमाणाने ६. कॅज्युअल्टीला १. झाल्या अकरा जागा, म्हणजे ४४ सिस्टर. ओटी (ऑपरेशन थिएटर), लेबर रूम आणि ओपीडी वेगळी. या कामांसाठी तुझ्या पटावर आहेत ३१. मधल्या तेरा जणींचं काम याच एकतीस जणी डबल ड्यूटी करून ओढतात. त्यातल्या दोघी थकून गेल्या की उरलेल्यांची लिस्ट आणखी आवळते, आणि पुढच्या दोघी राजीनामा लिहायला घेतात.

हे गणित एका कागदावर विश्वस्तांपुढे ठेव. तेरा जणी एका महिन्यात मिळणार नाहीत हेही सांग. तोवर आयसीयूच्या दोन खाटा आणि वॉर्डात सहा पेशंट कमी घेतले तर प्रत्येक पाळीच्या दोन जागा वाचतात, म्हणजे आठ सिस्टर. तुटवडा तेरावरून पाचवर येतो. खाटा बंद ठेवायचं नाव काढलं की बैठकीत गडबड होईल. होऊ दे. तीन महिने खाटा बंद ठेवल्याचं नुकसान मोजता येतं. अपुऱ्या स्टाफवर भरलेल्या खाटांचं नुकसान चुकीच्या औषधात, बेडसोरमध्ये आणि राजीनाम्यांत विखुरलेलं असतं, म्हणून ते ताळेबंदात कुणाला दिसत नाही.

पगाराबद्दल एक आधार हाताशी ठेव. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराबाबत शिफारस केली होती: २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सच्या बरोबरीने, १०० ते २०० असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी असतील तरी २० हजारांच्या खाली नाही. तुमचं हॉस्पिटल तिसऱ्या गटात येतं. सरकारी स्टाफ नर्सचा पगार काढ, त्यातून चौथा हिस्सा वजा कर आणि तुमचा आकडा शेजारी लिही. एका वर्षात तिथे पोचता येणार नसेल तर दोन वर्षांचा टप्पा ठरवून लेखी दे. आणि जो काही पगार असेल तो ठरल्या तारखेलाच झाला पाहिजे. हजार रुपये कमी असलेला पगार माणूस सहन करतो, पण खोलीभाडं थकवणारा उशीर सहन करत नाही.

दुसरी एक वही सुरू कर. गेल्या दोन वर्षांत कोण सोडून गेलं, रुजू कधी, सोडलं कधी, कोणत्या वॉर्डातून, इनचार्ज कोण, राहायला कुठे. त्यात दोन ढीग पडतील. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्यांचा एक. त्यांच्या जाण्याला बहुतेक वेळा एकटीने करावी लागलेली नाईट, होस्टेलची दैना किंवा चारचौघांत झालेला अपमान कारण असतो, आणि ते तुझ्या हातात आहे. दुसरा ढीग वर्ष-दोन वर्षांनी गेलेल्यांचा: कुणाला सरकारी भरतीत नाव लागलं, कुणी आखाती देशात गेलं, कुणाचं लग्न होऊन गाव बदललं. त्यांना अडवू नकोस. अनुभवाचं प्रमाणपत्र आणि हिशोब शेवटच्या दिवशी हातात दे. नीट निरोप दिलेली सिस्टर आपल्या कॉलेजच्या धाकट्या मुलींना तुझ्याकडे पाठवते. बाँड लिहून घेणं किंवा मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणं मात्र आजच बंद कर. अडकलेली मुलगी मनाने आधीच गेलेली असते, आणि जी बातमी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायची ती जातेच.

भरतीसाठी जिल्ह्यातल्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना निकालाच्या आधी भेट. शेवटच्या वर्षाच्या मुलींना वॉर्ड, होस्टेल आणि जेवण दाखव, काहीही न लपवता. मुलाखतीत 'तुमची बलस्थानं कोणती' असले प्रश्न नकोत. खरी केसशीट पुढे ठेव आणि विचार: ५०० मिलीची सलाईन आठ तासांत द्यायची, सेट, म्हणजे सलाईनची नळी, २० थेंबांना एक मिलीची, मिनिटाला किती थेंब? दहा हजार भागिले ४८०, साधारण २१. जी कागदावर मांडून काढते ती चालेल. जी पाठ उत्तर देते आणि तपासून बघत नाही तिला शिकवावं लागेल. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि नूतनीकरणाची तारीख मूळ कागदावर बघ, प्रत घे, मूळ परत दे. नेमणूकपत्र मराठीत दे. मूळ पगार, प्रत्येक नाईटचा भत्ता, ऑफ, नोटिशीची मुदत आणि खोली मिळणार की नाही, एवढं त्यात स्पष्ट हवं.

पहिले सहा आठवडे नव्या मुलीला नाईटला एकटी ठेवायची नाही. ही अट मोडायची पाळी वारंवार येईल, आणि दरवेळी कारण अगदी योग्य वाटेल. मोडू नकोस. तिला एक ठरलेली सीनियर दे, त्या सीनियरला त्याचा भत्ता दे, आणि सातव्या, तिसाव्या, नव्वदाव्या दिवशी तू स्वतः तिच्याशी पंधरा मिनिटं बोल. 'कसं चाललंय' विचारलं तर 'बरं चाललंय' एवढंच येईल. त्याऐवजी विचार: रात्री डॉक्टरांना फोन करायला भीती वाटते का? क्रॅश कार्टमधलं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीतलं, काय सापडत नाही? जेवण कुठे करतेस?

आता लिस्टचे नियम. लिस्ट पंधरा दिवस आधी लागली पाहिजे. तुमच्याकडे ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ चालतं, म्हणजे नाईट बारा तासांची. अशा सलग तीनपेक्षा जास्त नाईट नकोत. शेवटची नाईट संपते तो दिवस झोपेचा असतो, तो ऑफ म्हणून मोजायचा नाही. ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सकाळी आठला सुटलेल्या मुलीला त्याच दिवशी दोनला इव्हनिंगला बोलावणं पूर्ण बंद. ड्यूटीची अदलाबदल दोघींच्या सहीने. डबल ड्यूटी विचारून, आणि तिचे पैसे त्याच महिन्यात. कॉम्प ऑफ, म्हणजे जादा ड्यूटीच्या बदल्यातली सुट्टी, साठवत नेऊन वर्षअखेर बाद करायची पद्धत असेल तर ती आधी मोड, कारण तो थेट कष्टाचा पैसा बुडवणं आहे. गणपती, दिवाळी आणि ईदला गेल्या वर्षी कोण घरी होतं याची नोंद ठेव आणि यंदा उलट लाव. मर्जीतल्या दोघींना कायम मॉर्निंग मिळते हे सगळ्या वॉर्डाला माहीत असतं, फक्त ऑफिसला नसतं.

ओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवण्याची, वीस मिनिटं ड्यूटीत धर. पुढची सिस्टर येण्याआधी जुनीला निघायची घाई असेल तर ओव्हर टेबलापाशी तोंडी उरकली जाते आणि बंद पडलेली सलाईन तासाभराने दिसते. ओव्हर खाटेपाशी, दोघींनी पेशंटला बघून. रात्री गरम जेवणाची सोय हवी. कँटीन नऊला बंद होतं म्हणून बिस्किटांवर बारा तास काढणारी सिस्टर पहाटे तीन-चारला सर्वांत थकलेली असते. त्या वेळेत इन्सुलिन, हेपारिन आणि पोटॅशियम ही डोस चुकला तर जिवावर बेतणारी औषधं दोघींनी तपासल्याशिवाय द्यायचं नाही, आणि आळीपाळीने वीस-तीस मिनिटं डोळा लागायला परवानगी हवी, उघडपणे. सकाळी स्कूटरवर वीस किलोमीटर जाणाऱ्यांसाठी हॉस्पिटलची गाडी निघू शकते का बघ.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. १९७३ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो कपडे बदलायला तळघरात गेल्या असताना. २०२४ साली कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात तरुण डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विसावायला गेली होती, तिथेच तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. तेव्हा कपडे बदलायची खोली आणि ड्यूटी रूम कुठे आहे, आतून कडी लागते का, बाहेर दिवा आहे का, हे आज संध्याकाळी अंधार पडल्यावर स्वतः चालून बघ. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती कागदावर असेल. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर होस्टेलमध्ये लाव.

नातेवाइकांकडे डिपॉझिटचे पैसे मागायला सिस्टरला पाठवू नका. बिलाचं काम बिलिंगचं. पैशांसाठी सकाळी तोंड वाईट झालेली सिस्टर दुपारी त्याच नातेवाइकांच्या रागाला सामोरी जाते. मृत्यूची बातमी सीनियर डॉक्टरने, प्रशासनातलं कोणी सोबत असताना, बसून सांगायची. मारहाण झालीच तर महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार हॉस्पिटलच्या वतीने तू कर. मार खाल्लेल्या मुलीला एकटीने पोलीस ठाण्यात बसवू नकोस.

सुई टोचणं हा विषय प्रत्येक वॉर्डात लपवला जातो, कारण सांगितलं की 'तूच निष्काळजी' हे ऐकावं लागतं. खरी कारणं बहुधा वेगळी असतात: सुईला पुन्हा टोपण लावायची सवय, वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा खाटेपासून लांब, किंवा डबा गच्च भरलेला. तीन-चतुर्थांश भरला की तो बदलायचा. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी सगळ्यांना, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत अँटिबॉडी तपासणी. पातळी १० किंवा वर हवी. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर गोळ्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, आणि पुढे २८ दिवस. या गोळ्या देणारं एआरटी केंद्र जिल्ह्याच्या गावी असेल तर पहिले डोस कॅज्युअल्टीत ठेवायची सोय आत्ताच करून घे. रात्री दोनला धावपळ करून ती होत नाही.

या लसीकरणात मावशी, मामा आणि वॉर्डबॉय आलेच पाहिजेत. ते कंत्राटदाराकडचे आहेत म्हणून लस त्यांना दिलीच जात नाही, आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत चुकून पडलेली सुई मात्र त्यांच्याच हाताला लागते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचं लसीकरण आणि वर्षाला आरोग्य तपासणी ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. कंत्राटदाराच्या बिलाला सही करण्याआधी पीएफ भरल्याची पावती माग.

राहता राहिले ते सर्जन, जे ओटीत ओरडतात आणि ज्यांच्यामुळे पेशंट येतात म्हणून विश्वस्त गप्प बसतात. त्यांच्याशी एकांतात बोल, तारखा आणि शब्द लिहून नेऊन. ओटीतून दोन वर्षांत किती सिस्टर बदली मागून किंवा सोडून गेल्या हे वहीतून दाखव. फरक पडला नाही तर लेखी दे. आणि एखादं लहान मूल दगावलं, सीपीआर फसला, की त्या पाळीच्या लोकांना दहा मिनिटं एकत्र बसव. चुका शोधायला नव्हे, काय झालं ते एकमेकांना सांगायला. ज्यांना पुढे मदत लागेल त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ड्यूटी रूममध्ये लावून ठेव. ऑफच्या दिवशी सगळ्यांना बोलावून ताणतणावावर व्याख्यान ठेवायचा विचार कुणी मांडला तर नम्रपणे नकार दे. त्यांना ऑफ हवा असतो.

पुढच्या पंधरवड्याची लिस्ट लावण्याआधी मला पाठव, नाईटचे क्रम आणि ऑफ तपासून देते. सोबत त्या वहीची पहिली दोन पानंही पाठव. मेट्रनबाईंना नमस्कार सांग, आणि हे सगळं त्यांना डावलून करू नकोस. लिस्ट त्याच लावतात.

कळावे, लोभ आहेच.