कोचला शिव्या घातल्या म्हणून पोराचं करिअर बिघडेल का?

नमस्कार ताई,

पत्र मोठं होतं, दोनदा वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. ताई कोल्हापूरच्या, मुलगा अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस करतोय. तिकडे गेल्यापासून त्याला कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय, घरच्या मैदानावरची एकही मॅच सोडत नाही. ऑक्टोबरमध्ये टीम हरली त्या रात्री याने एक्सवर हेड कोचवर लागोपाठ पाच-सहा पोस्ट टाकल्या, त्यातली एक फॅन लोकांत भरपूर फिरली, पुतण्याने तिचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला आणि घरात रामायण झालं. त्यातच आता त्याच युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक डिपार्टमेंटने डेटाच्या पार्टटाइम कामासाठी त्याला इंटरव्ह्यूला बोलावलंय. ताईंचं म्हणणं, कोच म्हणजे गुरू, गुरूबद्दल चारचौघात असं बोलतात का, अकाउंट डिलीट करायला सांगू का, आणि व्हिसाला काही होणार नाही ना.

आधी गुरूचं बघू, कारण खरी गाठ तिथेच बसलीय असं मला वाटतं. ताई, जी मुलं त्याच्या हाताखाली खेळतात त्यांचा तो गुरू असेल, तुमच्या मुलाचा नाही. तुमचा मुलगा तिकीट काढून बघणारा माणूस आहे. आणि तिकडचा कोच म्हणजे आपल्या शाळेतले पीटीचे सर नव्हेत हो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी माणूस गव्हर्नर नसतो, तो कुठल्यातरी सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. जॉर्जियाच्या कर्बी स्मार्टचा वर्षाचा पगार १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर आहे. एवढा पगार, सरकारी नाव, आणि शनिवारी लाखभर माणूस समोर बसलेलं, अशा माणसाच्या कामावर लोकांनी बोलायचं नाही असं कसं होईल? बोलायचंच. माझं मत अगदी स्पष्ट आहे, फॅनने कोचवर जाहीर टीका करण्यात गैर काही नाही. गैर कशात आहे ते पुढे येतंच.

मुलाने बहुतेक तुम्हाला टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीची गोष्ट सांगितली असेल, तिकडे राहून ती कानावर न येणं अवघड आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जिम्बो फिशरला १० वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरवर आणलं, २०२० ला ९ मॅच जिंकून एक हरले तशी मंडळी खूष, २०२१ ला कॉन्ट्रॅक्ट अजून वाढवून दिलं, आणि २०२२ ला टीम ५ जिंकली, ७ हरली. मग २०२३ च्या ११ नोव्हेंबरला मिसिसिपी स्टेटला ५१-१० ने धुतलं आणि दुसऱ्याच दिवशी कोचला घरी पाठवलं! पण कॉन्ट्रॅक्ट तोडायचं म्हणजे उरलेले पैसे द्यायचे, त्याला तिकडे बायआउट म्हणतात, तो साडेसात कोटी डॉलरच्याही वर गेला, आपले तेव्हाचे ६०० कोटी रुपये धरा. काम करू नकोस म्हणून ६०० कोटी. आता गंमत बघा, याच युनिव्हर्सिटीत स्टेडियममध्ये आपल्या टीमला हुर्यो करायची नाही अशी फार जुनी रीत आहे, तिथले विद्यार्थी अख्खी मॅच उभं राहून बघतात. म्हणजे मैदानात शिस्त पाळणारी माणसं घरी गेली की फोनवर काय लिहायचं ते लिहितात, आणि शेवटी निर्णय घेणारे मोठे देणगीदार आणि बोर्डवाले. तुमच्या मुलाच्या एका पोस्टने कुणाची नोकरी जात नाही, तेवढी धास्ती घेऊ नका.

मात्र फॅन लोकांच्या आवाजाला काहीच वजन नसतं असंही नाही. टेनेसीत २०१७ साली नोव्हेंबरच्या एका रविवारी बातमी आली की ग्रेग शियानोला कोच करतायत, आणि संध्याकाळपर्यंत फॅन लोकांनी एवढा गदारोळ केला, कॅम्पसवर जमले, तिथे एक मोठा दगड आहे ज्यावर विद्यार्थी काहीबाही रंगवतात त्यावर पण लिहिलं, पुढारी मंडळी उतरली, की त्याच दिवशी तो करार बारगळला आणि त्याच आठवड्यात ज्याने तो ठरवला त्या ॲथलेटिक डायरेक्टरची खुर्ची गेली. त्यातला मोठा मुद्दा काय होता, तर एका जुन्या प्रकरणात कोर्टाच्या जबानीत कुणीतरी दुसऱ्याकडून ऐकलेली एक गोष्ट, जी शियानोने साफ नाकारली होती. ऐकीव गोष्टीवर एका माणसाचं नाव एका दुपारी मातीत गेलं. बरं, एवढं करून टेनेसीला मिळालं काय, तर नंतर आणलेला कोच २०२१ च्या जानेवारीत नियमभंगाच्या प्रकरणात काढावा लागला आणि २०२३ ला युनिव्हर्सिटीला ८० लाख डॉलरच्या वर दंड बसला. शियानो मात्र रटगर्स युनिव्हर्सिटीत परत जाऊन कोच झाला.

आणि फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचा कोच रॉन झूक. २००२ ला त्याची नेमणूक झाली न झाली, एकही मॅच खेळली नव्हती, तोवर त्याला काढा म्हणून वेबसाइट उभी राहिली. २००४ मध्ये काढलंही. २००६ चा सीझन फ्लोरिडाने नॅशनल चॅम्पियन म्हणून संपवला आणि त्या टीममधले कितीतरी मुख्य खेळाडू झूकनेच शोधून आणलेले होते. फॅन चुकले होते का? मॅचेस हरत होता हे खरंच होतं. पण खेळाडू शोधणं हे कोचचं निम्मं काम असतं आणि ते गॅलरीतून दिसत नाही, एवढंच.

आता तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटकडे येतो. सगळे नीट बघितले. तीन पोस्ट चौथ्या डाऊनवरच्या आहेत. (तुमच्यासाठी सांगतो, हा फुटबॉल आपल्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे, अंड्यासारखा बॉल, डोक्यावर हेल्मेट. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांनाच डाऊन म्हणतात, चौथ्याला जमणार नाही असं वाटलं तर बॉल लाथेने लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात.) मुलाने काय केलंय, कोचने कुठे कुठे बॉल मारून दिला, तेव्हा फक्त एक यार्ड हवा होता, स्कोअर किती होता, वेळ किती उरला होता, आणि तिथे प्रयत्न केला असता तर जिंकायची शक्यता किती वाढली असती, याचा हिशोब मांडलाय. ताई, हे भारी काम आहे, खरंच सांगतो. अशाच कामासाठी टीम्स माणसं ठेवतात. इंटरव्ह्यूला बोलावलं ते हे वाचून बोलावलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

जी पोस्ट फिरली ती मात्र वेगळी. त्यात कोचच्या बायकोचा उल्लेख आहे, आणि तो का आहे ते मला दोनदा वाचून पण कळलं नाही. आणि त्याखालची, ज्यात क्वार्टरबॅकला, म्हणजे टीमचा डाव चालवणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला, नाव घेऊन "याला घरी पाठवा, हा पळपुटा आहे" वगैरे लिहिलंय. या दोन पोस्ट आजच काढायला सांगा. आणि नुसत्या काढायला नको, खाली एक ओळ लिहू दे की हे लिहायला नको होतं, काढलंय. लपवलं असं दिसण्यापेक्षा ते बरं, कारण स्क्रीनशॉट तर तुमच्या पुतण्याकडेही आहे.

खेळाडूंवरून एक जुना प्रसंग आहे, मुलाला विचारा, त्याला पाठ असेल. २००७ ला ओक्लाहोमा स्टेटचा कोच माइक गंडी पत्रकार परिषदेत भडकला, कारण एका पेपरात त्याच्या क्वार्टरबॅकवर फार बोचरं लिहून आलं होतं. तो ओरडला की बोलायचंय तर मला बोला, मी बाप्या माणूस आहे, मी ४० वर्षांचा आहे! लोक अजून त्या वाक्याची टिंगल करतात, पण मला त्यातला मुद्दा पटतो, पगार मी घेतो तर शिव्या पण माझ्या. (आता २०२१ पासून खेळाडूंना पण नावाचे आणि जाहिरातींचे पैसे घेता येतात, त्यामुळे फॅन म्हणतात की आता ते पण प्रोफेशनल. अर्धं खरं आहे, वय तेच राहतं ना पण.) गंमत म्हणजे हाच गंडी २०२४ मध्ये मॅचेस हरायला लागल्यावर म्हणाला की जे लोक नावं ठेवतात त्यातल्या बहुतेकांना स्वतःची बिलं भरता येत नाहीत. मोठी बोंब झाली, माफी मागावी लागली, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, एकविसाव्या सीझनला, घरच्या मैदानावर तुल्साकडून हरल्यावर त्याला काढला. म्हणजे टीका कशी करावी हे फॅनला कळत नाही तसं ती कशी ऐकावी हे कोचलाही कळतंच असं नाही.

तुम्ही लिहिलंय की ही सवय आजोबांची, त्यांच्याबरोबर तो लहानपणापासून शाहू स्टेडियमला जायचा. मग तर मला सगळं समजलं! पाटाकडील विरुद्ध खंडोबा या कोल्हापूरच्या तालमींच्या मॅचला गॅलरीत बसलेलं पोरगं टेक्सासला जाऊ दे नाहीतर अलाबामाला, गप्प कसं बसेल. पण एक फरक त्याला दाखवून द्या. पेठेत ज्याला गॅलरीतून ओरडलात तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर असतो, त्याच्या भावाचा तुमच्या मामाशी व्यवहार असतो, त्यामुळे आजोबा कितीही तापले तरी त्याच्या घरादारावर जात नसणार, विचारून बघा. एक्सवर तो शेजारचा टेबल नाही, आणि म्हणून माणूस घसरतो.

आता नोकरीचं. सरकारी युनिव्हर्सिटी असल्यामुळे कोचच्या कामावर टीका केली म्हणून विद्यार्थ्याला शिक्षा करणं तिथे सोपं नाही, राज्यघटनाच आडवी येते. पण नोकरी कुणाला द्यायची हा त्यांचा निर्णय, दहा जणांतून एक निवडताना बाकीचे नऊ जण कारण न सांगता बाजूला ठेवता येतात. आणि एकदा आत गेला की गोष्टच बदलते. कुठला खेळाडू दुखावलाय, कोण शनिवारी बसणार, कुठले डाव बसवतायत, हे सगळं त्याच्या स्क्रीनवर येणार. बेटिंगचा बाजार आता एवढा मोठा झालाय की अशा माहितीला पैसे मोजणारे आहेत, आणि एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांचा कारभार बघणारी तिकडची संस्था, तिचा नियम असा की ॲथलेटिक डिपार्टमेंटमधल्या कुणी बेट लावायची नाही आणि बेट लावणाऱ्याला माहितीही द्यायची नाही. रूममेटला सहज बोलता बोलता सांगितलं तरी अडकू शकतो. त्यामुळे नोकरी लागली तर त्या टीमवर जाहीर लिहिणं बंद, कौतुक पण नको, मॅचच्या रात्री तर फोन बॅगेत. हे त्याला कबूल नसेल तर मग नोकरी घेऊ नये, बाहेर राहून लिहावं, त्यातही करिअर आहे, आकड्यांवर लिहिणारे लोक तिकडे लागतात. दोन्हीकडे पाय ठेवायला गेला तर मात्र त्याच्यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही, आत पण नाही आणि बाहेर पण नाही. माझा अंदाज विचाराल तर या वयात दोन वर्षं आत जाऊन काम बघावं. आत गेल्यावर कळतं की कोच चौथ्या डाऊनला का घाबरतो, त्याचं एक कारण गॅलरीत बसलेली आपल्यासारखीच माणसं असतात.

इंटरव्ह्यूत विचारलंच तर खोटं बोलू नये. तीन हिशोबाच्या पोस्ट स्वतःहून दाखवाव्यात, बाकी दोन चुकल्या, काढल्या, एवढं म्हणून थांबावं, लांबण लावू नये.

व्हिसाचं मी वकील नाही म्हणून जपून सांगतो. अर्जात, म्हणजे डीएस-१६० मध्ये, सोशल मीडियाची अकाउंट्स २०१९ पासून विचारतातच, आणि २०२५ च्या जूनपासून स्टुडंट व्हिसाच्या अर्जदारांना अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतायत, त्याच डिसेंबरपासून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला पण. फुटबॉलच्या कोचला बावळट म्हटलं म्हणून कुणी व्हिसा अडवेल असं मला वाटत नाही, पण घाबरून अख्खं अकाउंट उडवायचं आणि मग फॉर्ममध्ये लिहायचंच नाही, हा उद्योग अजिबात नको. युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस असतं, तिथे जाऊन विचारू दे, आणि या कामाचे तास पण तिथेच तपासून घेऊ दे, एफ-वन या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच चालतात.

इंटरव्ह्यूची तारीख तुम्ही लिहिली नाहीये. त्याआधी एकदा त्याला मला मेल करायला सांगा, ते चौथ्या डाऊनचं गणित मला पूर्ण वाचायचंय, एका ठिकाणी आकडा चुकलाय असं वाटतंय आणि तिथे नेमकं विचारलं तर फजिती होईल. आणि पुतण्याला सांगा, पुढचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायच्या आधी भावाला एक फोन करत जा.

तुमचा,
करिअर सल्लागार