ओळीतला मका आणि पेरणीचे ते चार दिवस

प्रश्न : इंदूरच्या सुदामानगर-लोकमान्यनगर भागातल्या आम्ही काही मराठी बायका झाबुआ जिल्ह्यात पेटलावदच्या बाजूला एका भिल्ल वस्तीत जाऊन-येऊन असतो. आधी मुलांसाठी वह्या-दप्तरं नेत होतो, मागच्या वर्षी मक्याच्या सुधारित लागवडीचं काम हाती घेतलं. कृषी विज्ञान केंद्राच्या माणसांना बोलावून एका शेतात ओळीत टोकण, म्हणजे ठरावीक अंतरावर हातानं दाणे खोचणं, करून दाखवली. पीक दृष्ट लागावी असं आलं. काढणीच्या वेळी गावातले पुरुष येऊन पाहून गेले, सगळ्यांनी कौतुक केलं. यंदा जुलैत गेलो, तर ज्याच्या शेतात हे सगळं केलं त्यानंसुद्धा नांगरामागे मूठ सोडून पेरलेलं. विचारलं की म्हणतो, ‘अच्छा था बाई,’ आणि हसतो. आमचं कुठे अडतंय? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ताई, तुम्ही काढणीला होतात आणि यंदा जुलैत गेलात. मधले, म्हणजे पेरणीचे चार दिवस तिथे कोण होतं? माझ्या मते गाठ तिथेच आहे.

झाबुआची जमीन तुम्ही पाहिली आहे. उथळ, हलकी, चढउताराची, मुरूम डोकावणारी. जूनच्या शेवटी चांगला पाऊस झाला की अशा जमिनीत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, तीन-चार दिवस टिकतो, फार तर पाच. त्याच सुमाराला निम्मं गाव गुजरातेतून परतलेलं असतं. दाहोद, वडोदरा, सुरतेकडची बांधकामाची मजुरी संपवून माणसं घरी येतात तेव्हा छपराची कौलं फुटलेली असतात, बैलजोडी दोन भावांत एक असते आणि बियाणं आणायचं बाकी असतं. नांगरामागे मूठ सोडत गेलं तर एक जोडी आणि दोन माणसं दिवसाकाठी एकरभर उरकतात. तुमच्या टोकणीचं काय होतं ते बघा. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर धरलं, तर एकरात ३३ हजारांहून जास्त ठिकाणी वाकावं लागतं. घरातल्या दोघी बायकांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत केलं तरी चार दिवस जातात. तोवर वाफसा उडाला किंवा मोठा पाऊस आला, तर उरलेलं शेत पडीक. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तुम्ही सगळ्या होतात, केंद्राची माणसं होती, काम दुपारपर्यंत संपलं. यंदा तो आणि त्याची बायको दोघंच होती. त्यानं हिशेब केला, आणि तो बरोबर केला.

म्हणून पुढच्या वर्षी अख्खं शेत मागू नका. दहा गुंठे मागा. दहा गुंठ्यांत साधारण आठ हजार चारशे टोकणी होतात, दोघींचं एका दिवसाचं काम. बाकीचं शेत त्यांच्या रीतीनं पेरून होऊ द्या, त्यावर एक शब्द बोलू नका. पोटाचा मका पेरला गेला की माणसाचं मन मोकळं होतं.

आणि हलमा विसरू नका. एखाद्याचं काम एकट्याला झेपत नसेल तर भिल्ल समाजात हलम्याची हाक देतात. वस्ती जमते, काम उरकते आणि मजुरी कोणी घेत नाही. झाबुआत याच पद्धतीनं डोंगरावर पाणी अडवण्याची मोठमोठी कामं झालेली आहेत. पण हाक तुम्ही द्यायची नसते. आधी तडवीकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे, जाऊन बसा, मे महिन्यातच, आणि आठ-दहा घरांच्या बायकांनी आलटून पालटून एकमेकींचे दहा-दहा गुंठे टोकायचे का, ते त्यांनाच ठरवू द्या. कोणाचं शेत आधी, कोणाचं मागून, यावरून रुसवेफुगवे होतील. त्यात पडू नका, तो त्यांचा गाव आहे.

कामाची पद्धत अगदी साधी ठेवा. दोरी नायलॉनची घ्या. सुतळी पावसात भिजली की आखडते आणि अंतर बिघडतं. दर वीतभर अंतरावर रंगीत चिंधीची गाठ मारा. शेताच्या दोन्ही टोकांना एकेक बाई ६० सेंटिमीटरची काठी घेऊन उभी राहील. एक ओळ झाली की काठीभर सरकायचं आणि दोरी पुन्हा ताणायची. उताराच्या शेतात ओळ उताराला आडवी घ्या, म्हणजे पाणी आणि माती दोन्ही थांबतील. खळगा चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे बोटाची दोन पेरं. घरचं बी असेल तर दोन दाणे, विकतचं असेल तर एकच. दहा-बारा दिवसांनी विरळणी करून जागेला एकच रोप ठेवायचं. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायच्या तर आठवड्याच्या आत, बी रात्रभर भिजवून. उशिरा लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत उंच वाढतं, पण कणीस धरत नाही.

हेही जमत नसेल तर ओळ तेवढी धरा. बैलाच्या दुफणीनं फण दोन फुटांवर ठेवून पेरलं आणि नंतर विरळणी केली, तरी मला चालेल. झाडं वीतभर अंतरावर आहेत की सव्वा वीत, यासाठी अडून बसू नका. ओळ मात्र सरळ हवी, कारण ओळीचा खरा फायदा विसाव्या दिवशी दिसतो. मक्याला पहिला महिना-सव्वा महिना तण सोसत नाही. फेकलेल्या मक्यात बाई दिवसेंदिवस खुरपं घेऊन उकिडवी बसते, आणि ओळीत बैलाचं कोळपं, ज्याला इकडे डोरा म्हणतात, ते एका फेरीत निम्मं काम करून जातं. तुम्ही गावाला काढणीच्या वेळी शेत दाखवलंत आणि दाखवलंत पुरुषांना. खुरपणीच्या आठवड्यात बायकांना तिथे न्या. एकीला आधी फेकलेल्या भागात बसवा, मग ओळीच्या भागात डोऱ्यामागे चालवा. पुढच्या जूनमध्ये दोरी कोण मागतं ते बघा!

त्यांचा उडीदही काढून टाकायला सांगू नका. प्रात्यक्षिकात नुसता मका असतो आणि तिथेच बायका मागे सरतात, कारण वरण कशाचं करायचं? दोन ओळींच्या मधल्या ६० सेंटिमीटरमध्ये उडदाची एक ओळ चांगली बसते. पावसानं दगा दिला तर निदान उडीद हाताला लागतो.

आणखी एक शंका. तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्रात्यक्षिकांत बहुधा असं होतं की नवं हायब्रीड बियाणं, खताची गोणी आणि ओळीची लागवड हे तिन्ही एकदम दिलं जातं. पीक चांगलं आलं की शेतकरी म्हणतो, खत फुकट होतं म्हणून आलं. त्याचं काय चुकलं? खत नाही मिळालं तर ओळीचा काय उपयोग, असंच त्याला वाटणार. यंदा एकाच शेतात, एकाच बियाण्याचे, एकाच खताचे दोन भाग करा, दहा गुंठे ओळीत आणि शेजारचे दहा त्यांच्या रीतीनं. काढणीला दोन्हीकडची कणसं त्यांच्याच टोपल्यांनी, त्यांच्याच हातांनी मोजू द्या. तुम्ही वही काढू नका. फरक टोपल्यांत दिसला तर तो गावात राहतो.

भोपाळच्या नबीबागेतल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं हातानं ढकलायचं फिरतं टोकणयंत्र तयार केलं आहे. हलक्या जमिनीत ते वाकणं वाचवतं. ओल्या काळ्या मातीत त्याची तोंडं लिंपतात, तेव्हा विकत घेण्याआधी त्याच शेतात चालवून बघा.

प्रश्न : देवास जिल्ह्यात बागलीजवळ आमची थोडी जमीन एक कुटुंब बटाईनं कसतं. दोन वर्षं मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, अळी पडते. दुकानदार दर वेळी आधीपेक्षा जास्त कडक औषध देतो, खर्च निम्मा-निम्मा होतो आणि अळी राहतेच. (एक वाचक, देवास)

उत्तर : ही अमेरिकन लष्करी अळी असावी. भारतात ती मे २०१८ मध्ये पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि पाहता पाहता देशभर पसरली. ओळख पटवून घ्या : डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी पांढुरकी खूण, आणि शेपटीकडे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके.

औषध कमी कडक होतं म्हणून अळी राहिली असं समजू नका. मोठी अळी पोंग्यात शिरते आणि वर स्वतःच्या विष्ठेचं, लाकडाच्या भुशासारखं बूच बसवते. मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. ती लहान असतानाच गाठायला हवी. त्या वेळची खूण म्हणजे पानावर कागदासारखे पांढरे, पारदर्शक चट्टे. उगवणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात फिरायला सांगा. लोकरीसारख्या आवरणाखाली अंड्यांचे पुंजके दिसले की चिरडून टाकायचे. लहान अळीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पोंग्यात नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूटभर टाकला तरी उपयोग होतो, आणि हे मुलंसुद्धा करू शकतात (हात धुवायला लावा). शंभरातली दहाहून जास्त झाडं लागलेली असतील तरच इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम, संध्याकाळी, नोझल थेट पोंग्याकडे धरून. तोंडाला फडकं, हातात मोजे. तुरा आल्यावर फवारणी करू नका.

आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी बोलून पेरणी एकाच आठवड्यात करता आली तर फार बरं. पेरणी पुढे-मागे होत राहिली की पतंगांना सारखं कोवळं पीक मिळत राहतं. आणि मका फेकून पेरलेला असेल तर या सगळ्यातलं पहिलंच काम, शेतात फिरणं, होत नाही. आत पाय ठेवायलाच जागा नसते.

खर्च तुम्ही दोघं निम्मा-निम्मा करता, ते ठीकच. पण शेतात फिरून पाहण्याचं काम त्या कुटुंबाचं एकट्याचं आहे. त्याचा मोबदला वाटणीत धरा, एवढं मात्र तुम्हाला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ आलिराजपूरकडच्या काही कुटुंबांना मक्याचं बियाणं द्यायचं आहे. हायब्रीड द्यावं की देशी? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आधी विचारा, मका विकायचा की खायचा. आपण सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खातो तो चवीसाठी. तिथे रोटला मक्याचा, आणि सणाला पळसाच्या पानांत भाजलेला पानियाही मक्याचाच. खाण्यासाठी त्यांना पांढरा दाणा लागतो, तर बाजारात, कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना पिवळा चालतो. पिवळं हायब्रीड दिलंत तर ते विकतील, पण घरच्या मडक्यात ते जाणार नाही.

हायब्रीडचं बी दर वर्षी नवं घ्यावं लागतं. घरचं धरून पेरलं तर उत्पन्न पडतं. सुधारित संमिश्र वाणाचं बी दोन-तीन वर्षं घरचं चालतं. लवकर येणारं बघा, कारण उथळ जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबरची उघडीप उशिरा येणाऱ्या वाणाला दाणे भरताना गाठते. पलीकडे गुजरातच्या पंचमहालात शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांनाच निवड करायला लावून जीडीआरएम-१८७ हा वाण काढला. स्थानिक मक्यापेक्षा तो आठवडाभर आधी स्त्रीकेसर (कणसाचे केस) टाकतो आणि दाणा लोकांच्या पसंतीचा आहे. नेमका तोच मिळेल असं नाही, पण निवड कशी करायची ते यावरून कळतं. तुमच्या भागात आज काय चाललंय ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

प्रत्येकी दोन किलोचं पाकीट पुरे, तेवढ्यात दहा गुंठे होतात. वाटण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सहाव्या दिवशी ऐंशीपेक्षा कमी उगवले तर ते बियाणं परत करा. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या. पुढच्या वर्षासाठी कणसं धरायची ती शेताच्या मधली, कारण कडेच्या कणसांवर शेजारच्या मक्याचे पराग पडलेले असतात. औषध लावलेलं बियाणं लाल किंवा हिरवं दिसतं. पेरून उरलं तर ते दळायचं नाही, कोंबड्यांना घालायचं नाही. हे पाकीट देताना तोंडी सांगा, घरातल्या बाईला सांगा. पाकिटावर छापलेलं असतं, पण तिथे ते वाचणारं कोणी असेलच असं नाही.