नेपाळचा ट्रेक आणि गावातलं काम : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नेपाळला ट्रेकला जायचं आणि त्याच फेरीत तिथल्या एखाद्या गावासाठी चार दिवस काम करायचं, असा बेत कळवणारी पत्रं यंदा बरीच आली. लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण इथे सुट्टीच्या दिवशी गडांवरची टाकी साफ करणारे, ढासळलेल्या वाटा नीट करणारे आहेत. त्यांना हा विचार सुचणं स्वाभाविक आहे आणि मला तो मनापासून आवडतो. फक्त गडावर तुम्ही पुढच्या रविवारीही जाता, नेपाळमधल्या खुंबू या एव्हरेस्टच्या भागात किंवा लांगटांग खोऱ्यात जात नाही. त्यामुळे तुम्ही निघून आल्यावर ते काम कोण पुढे नेणार, हे मी प्रत्येक पत्र वाचताना आधी पाहिलं.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करणार आहोत. वाटेतल्या शाळेत तीन-चार दिवस इंग्रजी शिकवता येईल का?

ऑक्टोबरमध्ये शाळेला कुलूप असण्याची शक्यता मोठी. आपली घटस्थापना तीच नेपाळची घटस्थापना, आणि दशैं हा तिथला वर्षातला सर्वांत मोठा सण. त्याची सुट्टी लांबलचक असते, मागोमाग तिहार म्हणजे त्यांची दिवाळी येते. ट्रेकचा ऐन हंगाम आणि शाळांच्या सुट्ट्या अशा एकमेकांवर येतात. वसंतातही अडचण आहेच: चैत्रात परीक्षा आणि वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, नवं वर्ष सुरू होऊन प्रवेशांची धांदल. उंचावरच्या शाळांना कडाक्याच्या थंडीत मोठी सुट्टी असते ती वेगळीच. म्हणून तारखा बदलता येत असतील तर तिहार संपल्यानंतरचा नोव्हेंबर धरा.

आता वर्गावर उभं राहण्याबद्दल. खुंबूतल्या खुमजुंग गावची शाळा १९६१ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तेव्हा त्या भागात शाळाच नव्हती. आज तिथे शिकवणारे नेपाळी शिक्षक आहेत, त्यांचा अभ्यासक्रम आहे, वेळापत्रक आहे. दर आठवड्याला नवा पाहुणा येऊन ‘हेड, शोल्डर्स’ हे इंग्रजी बालगीत म्हणून घेऊ लागला तर मुलांचा तास बुडतो आणि त्यांच्या बाईंना बाजूला उभं राहावं लागतं. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, हे कसं वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी युरोपातून आलेल्या हौशी तरुणाकडे नसते. बहुवर्ग अध्यापन. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्याला वाचनाला बसवायचं, हे तुम्ही वर्षानुवर्षं करता. नेपाळच्या डोंगराळ भागातल्या कमी पटाच्या शाळांपुढेही हाच पेच असतो. शिवाय नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे त्यांची पाठ्यपुस्तकं तुम्ही पहिल्या दिवसापासून वाचू शकाल. शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी पत्र पाठवा आणि मुलांऐवजी शिक्षकांबरोबर दोन दिवस बसण्याची तयारी दाखवा. गटकार्याची कार्डं कशी करता, कोणत्या मुलाला कुठल्या पातळीचं काम देता, ते दाखवा. त्यांच्याकडचंही बघून या. ते ‘आत्ता नको’ म्हणाले तर ते उत्तर मान्य करून नुसता ट्रेक करा.

कॉलेजचे आम्ही पाच जण आहोत. एका एजन्सीने अन्नपूर्णा ट्रेक आणि काठमांडूच्या अनाथाश्रमात एक आठवडा असं पॅकेज दिलं आहे. फी थोडी जास्त आहे, पण पैसे मुलांसाठीच जातात म्हणतात.

हे पॅकेज घेऊ नका. ट्रेक वेगळा ठरवा आणि अनाथाश्रमाचा भाग पूर्ण वगळा.

नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतो. दूरच्या जिल्ह्यांतल्या गरीब आईबापांना चांगल्या शिक्षणाचं आश्वासन देऊन दलाल मुलं शहरात आणतात आणि कागदोपत्री ती अनाथ होतात. ही बालगृहं सगळ्यांत दाटीने कुठे आहेत? काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात, चितवनमध्ये, म्हणजे पर्यटक जिथे जातात तिथेच. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं लागतात. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मुलांच्या अशा वाहतुकीची भीती इतकी होती की मुलांना पालकांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर नेपाळ सरकारला निर्बंध घालावे लागले. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली.

तुमचा आश्रम चांगलाच निघाला असं धरू. तरी आठवडाभर लळा लावून जाणारी माणसं वर्षभर एकामागून एक येत राहिली, तर त्या लहानग्यांचं काय होत असेल? आणि एक साधी कसोटी: आपल्या गावातल्या बालगृहात कुणी परदेशी विद्यार्थी पोलीस पडताळणीशिवाय, पैसे भरून, आठवडाभर मुलांसोबत राहायला आला तर आपण चालवून घेऊ का? मग तिथे का चालावं? तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. चांगल्या हेतूवरच हा धंदा उभा आहे, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिते आहे.

मी नाशिकला जनरल प्रॅक्टिस करतो, पत्नी परिचारिका आहे. ट्रेकच्या वाटेवरच्या गावांत मोफत तपासणी शिबिर घ्यायचं आहे. औषधं इथूनच नेऊ.

डॉक्टरसाहेब, नेपाळमध्ये रुग्ण तपासायला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. भारतीय नोंदणी तिथे चालत नाही. पण परवानगी मिळाली तरी मी विचारेन की रक्तदाब जास्त निघालेल्या आजीला तुम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, सोळाव्या दिवशी तिने काय करायचं? तुमच्या नाशिकच्या दवाखान्यात तुम्ही असं कधी केलं नसतं.

खुंबूत आरोग्याचं काम कसं रुजलं ते पाहण्यासारखं आहे. कुंडेचं रुग्णालय १९६६ साली हिलरींच्या हिमालयन ट्रस्टने बांधलं. तेव्हा त्या खोऱ्यात आयोडीनच्या कमतरतेने गलगंड सर्रास दिसे, जन्मतः मतिमंद आणि मूकबधिर मुलंही बरीच असत. आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं देऊन हा प्रश्न आटोक्यात आणला गेला. सुरुवातीला न्यूझीलंड आणि कॅनडाचे डॉक्टर येत, पण ते दोन-दोन वर्षं राहत आणि स्थानिकांना तयार करत. पुढे याच रुग्णालयात आरोग्य सहायक असलेले कामी तेंबा शेर्पा शिकून डॉक्टर झाले आणि तिथलेच प्रमुख बनले. मला वाटतं, बाहेरून आलेल्या मदतीचं याहून चांगलं फळ नसेल.

तुम्हाला खरंच डॉक्टर म्हणून जायचं असेल तर हिमालयन रेस्क्यू असोसिएशनकडे चौकशी करा. १९७३ पासूनची संस्था आहे, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या फेरिचे आणि अन्नपूर्णेच्या वाटेवरच्या मनांग इथे ट्रेकच्या हंगामात त्यांची केंद्रं चालतात आणि स्वयंसेवक डॉक्टर पूर्ण हंगाम तिथे राहतात. दोन-तीन महिने काढता येतील तेव्हाच अर्ज करा. तोवर यंदाच्या ट्रेकमध्ये फेरिचेला दुपारी उंचीच्या आजारावर त्यांचं जे व्याख्यान असतं ते चुकवू नका, आणि नेलेली औषधं आपल्या गटासाठी आणि आपल्या पोर्टरांसाठी जपून ठेवा.

आमचा डोंबिवलीचा ग्रुप आहे. सह्याद्रीत कायम स्वतःची सॅक स्वतः वाहतो. पोर्टर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर ओझं देणं, म्हणून घेणार नाही. त्यातून वाचलेले पैसे एखाद्या संस्थेला देऊ. बरोबर ना?

भावना समजते, पण निर्णय उलटा घ्यावा असं मी सुचवेन. पोर्टरचं काम हा तिथला रोजगार आहे. त्या मजुरीवर मुलांची फी, घरचं तांदूळ-मीठ चालतं. ती मजुरी काढून संस्थेला देणगी दिली तर मधला माणूस उपाशी राहतो.

ओझं देण्यात नाही, ते कसं देता त्यात खरा प्रश्न आहे. सगळे पोर्टर शेर्पा नसतात. पुष्कळ जण खालच्या टेकड्यांतले राई, तामांग, मगर असतात. त्यांनाही विरळ हवेचा त्रास तुमच्याइतकाच होतो, पण कपडे तुमच्यासारखे नसतात आणि ‘डोकं दुखतंय’ म्हटलं तर रोजगार जाईल ही भीती असते. १९९७ साली असाच एक आजारी पोर्टर एकटा सोडला गेला आणि मेला. त्या घटनेनंतर पोर्टरांच्या सुरक्षेसाठी एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला, आणि त्याने घालून दिलेले नियम आज कुठल्याही चांगल्या एजन्सीला माहीत असतात.

तेच तुम्ही विचारायचे. ट्रेकमध्ये ३० किलो ही नेपाळमध्ये मानली जाणारी कमाल मर्यादा, त्यात त्याचं स्वतःचं सामानही धरा. म्हणजे दोघांत एक पोर्टर आणि प्रत्येकाची बॅग दहा-बारा किलोची, एवढंच पुरे. विमा आहे का, हेलिकॉप्टरने उतरवण्याची वेळ आली तर त्याच्यासाठीही खर्च होणार का, बूट आणि जाड जॅकेट कोण देणार, रात्री तो कुठे झोपणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. कपडे नसतील तर काठमांडूत पर्यावरण शिक्षणाचं काम करणाऱ्या ‘कीप’ या संस्थेची पोर्टरांसाठी कपडे पेढी आहे, तिथून वापरायला मिळतात. ट्रेक संपल्यावर तुमचे चांगल्या स्थितीतले जॅकेट-हातमोजे तिथेच देऊन या.

वाटेत रोज संध्याकाळी पोर्टरला त्याच्या नावाने हाक मारून ‘जेवण झालं का, डोकं दुखतंय का’ हे कुणीतरी एकाने विचारायचं, ही जबाबदारी गटात वाटून घ्या. आणि तो आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली पाठवायचं नाही. त्याची भाषा येणारा कुणीतरी सोबत गेलाच पाहिजे. माझ्या लेखी पंधरा दिवसांच्या फेरीत करता येण्याजोगं सर्वांत मोठं सामाजिक काम हेच आहे.

मुलांसाठी पेन्सिली, गोळ्या आणि जुने कपडे नेऊ का?

गोळ्या-चॉकलेटं अजिबात नकोत. दंतवैद्य दोन दिवसांच्या चालीवर असतो. वाटेवर मुलांच्या हातात वस्तू दिल्या की पुढच्या ट्रेकरपुढे हात पसरले जातात. वह्या-पेन्सिली शाळेला हव्या असतील तर मुख्याध्यापकांना विचारून काठमांडूतच घ्या आणि त्यांच्याच हाती द्या.

आधी गावात राहून काम करावं की आधी ट्रेक? एव्हरेस्टच्या भागात दोन्ही मिळून २१ दिवस आहेत. काम बागेत वाफे करणं आणि भिंत रचणं असं आहे.

आधी ट्रेक. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम तुम्हाला माहीत असेल. विमानाने लुक्लाला, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या सुमारे २,८०० मीटरवरच्या गावी उतरून लगेच दगड उचलायला लागलात तर शरीराला तो नियम पाळायला वेळच मिळत नाही. पहिल्या आठवड्यात अंगमेहनत नकोच.

ट्रेकनंतर उतरताना नामचे या खुंबूतल्या मुख्य गावाच्या खालच्या एखाद्या गावात पाच-सहा दिवस थांबा. तोवर अंग सरावलेलं असतं, चार नेपाळी शब्द येतात, आणि गावकऱ्यांनीही तुम्हाला जाताना पाहिलेलं असतं. सर्दी-खोकला घेऊन उतरला असाल तर दोन दिवस आराम करून मगच लोकांत मिसळा. शेवटी तीन दिवस मोकळे ठेवा. लुक्लाची विमानं ढगांमुळे अडकतात, आणि गर्दीच्या हंगामात ती काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, तिथून काठमांडूपर्यंत रस्त्याने चार-पाच तास लागतात.

भिंतीबद्दल एकच: गावात गवंडी आणि मजूर असताना ते काम तुम्ही फुकट करू नका. त्यांच्या हाताखाली दगड द्यायला उभे राहा, त्यांची मजुरी गटाने भरा. वाफ्यांचं काम खुशाल करा.

काम करण्याइतके दिवस नाहीत, फक्त एव्हरेस्टचा ट्रेक आहे. तरी काही करता येईल?

नामचेहून उतरताना एक किलोची पिशवी घ्या. तिथल्या ‘सागरमाथा नेक्स्ट’ केंद्राच्या उपक्रमात वर साठलेला कचरा वेगळा करून, तुकडे करून, पिशव्यांत भरून ठेवतात. ट्रेकर त्या लुक्लापर्यंत आणतात, तिथून तो पुनर्वापरासाठी काठमांडूला जातो. आणि वर जाताना पाण्याची विकतची बाटली घेऊ नका. खुंबूच्या ग्रामपालिकेने एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर २०२० पासून बंदी घातली आहे. क्लोरीनच्या गोळ्या किंवा फिल्टर सॅकमध्ये असू द्या.

मुलगी न्यू जर्सीत असते, तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. ती आमच्याबरोबर येऊन गावात काम करू शकेल का?

तुम्हाला भारतीय नागरिक म्हणून व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र बरोबर ठेवा, आधार कार्डावर भरवसा ठेवू नका. मुलीला मात्र पर्यटक व्हिसा घ्यावा लागेल, आणि त्या व्हिसावर मोबदला घेऊन किंवा न घेता काम करायला मनाई आहे. विमानतळावर १५, ३० किंवा ९० दिवसांचा व्हिसा सहज मिळतो म्हणून अनेक एजन्सी हे सांगत नाहीत. ज्या संस्थेत काम करायचं तिला लिहून विचारा की ती नेपाळच्या समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का आणि मुलीसाठी योग्य परवाना काढून देणार का. टाळाटाळ झाली तर मुलीने फक्त ट्रेकला यावं.