घर बदललं, जुनी शाळा दाखला देईना: मुलीला शाळेत कसं बसवायचं?

प्रश्न : आम्ही जुलैअखेर कल्याणहून पुण्यात धायरीला राहायला आलो. मिस्टरांना इकडे कंत्राटी नोकरी लागली. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. कल्याणची तिची शाळा खासगी, विनाअनुदानित. जूनपासूनची फी द्यायची आहे, पण शाळा म्हणते, सबंध वर्षाची भरा, मगच एलसी (शाळा सोडल्याचा दाखला). इथल्या जवळच्या इंग्रजी शाळेने मुलीची आणि आमची मुलाखत घेतली आणि मग ‘जागा नाही, पण विकासनिधी दिलात तर बघू’ असं सुचवलं. शेजारच्या अनुदानित मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, एलसी नाही, आधारवर इथला पत्ता नाही आणि वर्गही भरलाय. घरमालक करार नोंदवायला टाळाटाळ करतात. मुलगी महिनाभर घरी बसून आहे. धाकटा चार वर्षांचा आहे, त्याचंही पुढच्या वर्षी बघायचंय. आम्हाला कोर्टात जावं लागेल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर :

ताई, कोर्टाचं नंतर बघू. आधी एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला आवडणार नाही. ज्या इंग्रजी शाळेत तुम्ही खेटे घालताय, तिच्यावर तुमच्या मुलीला वर्षाच्या मध्येच घ्यायचं कायद्याने बंधन नाही. ज्या मुख्याध्यापकांनी तीन कारणं सांगून तुम्हाला परत पाठवलं, त्यांच्यावर मात्र आहे. त्यांच्या तीन कारणांपैकी दोन तर उभीच राहत नाहीत आणि तिसऱ्याचं उत्तर महापालिकेने द्यायचं आहे.

आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, म्हटलं की लोकांना खासगी शाळांतल्या दुर्बल आणि वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागा आणि लॉटरी एवढंच आठवतं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि घर बदलणाऱ्यांच्या कामाचं त्यातलं कलम आहे पाचवं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कोणत्याही कारणाने एक शाळा सोडून दुसरीत जावं लागलं, राज्यातल्या राज्यात असो की परराज्यात, तर त्याला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. नोकरी गेली, भाडं परवडेना, सासू आजारी पडली, काहीही कारण चालतं. फक्त या हक्कातून दोन प्रकारच्या शाळा वगळल्या आहेत : केंद्रीय विद्यालय, नवोदय यांसारख्या विशेष प्रवर्गाच्या शाळा आणि विनाअनुदानित खासगी शाळा. उरल्या त्या सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित. तुमचा हक्क तिथे चालतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. मुलीला आधी त्या अनुदानित शाळेत किंवा धायरीतल्या जवळच्या मनपा शाळेत बसवा. एलसीची लढाई तिच्या बसण्याशी बांधून ठेवू नका.

आता एलसी. त्याच कलम ५ मध्ये लिहिलंय की मूल ज्या शाळेत शेवटचं शिकत होतं, तिथल्या मुख्याध्यापकाने दाखला ‘तात्काळ’ द्यायचा. पुढे तुमच्या खऱ्या कामाची ओळ येते : दाखला यायला उशीर झाला, हे नव्या शाळेला प्रवेश लांबवण्याचं किंवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. शिवाय जो मुख्याध्यापक दाखला रखडवील तो शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. इथे एक बारकावा आहे, तो जुन्या शाळेच्या वकिलाला नक्की ठाऊक असणार. कलमाचा शब्दशः अर्थ लावला तर तात्काळ दाखला देण्याचं हे बंधन ‘अशा दुसऱ्या शाळेत’ जाण्यासाठी आहे, म्हणजे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी. तुम्ही एका खासगी शाळेतून दुसऱ्या खासगी शाळेत निघालात तर जुनी शाळा या शब्दांमागे लपू शकते. मुलगी अनुदानित शाळेत बसली की ही पळवाट बंद होते. मराठी शाळेत आधी बसवा म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

माध्यमाची तुमची काळजी मला कळते. पण कोणत्या माध्यमाची शाळा मिळेल, ते हे कलम ठरवत नाही. पुणे मनपाच्या काही शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि बऱ्याच अनुदानित शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग असतात. त्यांची चौकशी करा. दुसरीतलं पोर उरलेले महिने सेमी-इंग्रजीत शिकलं तर त्याचं काही बिघडत नाही, घरी बसलं तर मात्र बिघडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जूनमध्ये इंग्रजी शाळेत जागा मिळाली तर तेव्हा बदलता येईल.

आधारवर नवा पत्ता नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात म्हटलंय. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला पुरतो आणि तोही हाताशी नसला तरी कलम १४ नुसार प्रवेश नाकारता येत नाही. ‘ऑगस्ट उलटला, आता प्रवेश बंद’ असं कुणी म्हणालंच, तर कलम १५ दाखवा. मुदत संपल्यानंतर आलेल्या मुलालाही नाकारता येत नाही.

राहिलं ‘वर्ग भरलाय’. हे कधी खरं असतं, कधी नसतं. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत दिलंय, त्यामुळे मुख्याध्यापकांची अडचण अगदीच खोटी असेल असं मी म्हणत नाही. पण जागा नाही म्हटल्यावर विषय संपत नाही, तो महापालिकेकडे जातो. मुलाला शाळा मिळवून देणं हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचा तिथे वेगळा उल्लेखही आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. तेव्हा मुख्याध्यापकांकडे ‘जागा नाही’ हे लेखी मागा. अनेकदा लिहून द्यायची वेळ आली की जागा निघते. खरोखर लिहून दिलं, तर तोच कागद घेऊन मनपाच्या शिक्षण विभागात जा आणि म्हणा, मग जवळची दुसरी शाळा तुम्ही सांगा.

एक खबरदारी घ्या. ती अनुदानित शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे का, ते आधी विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमाती निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असल्या तरी, हा कायदा लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवला, पण तिथून वेगळा निर्णय येईपर्यंत २०१४ चाच निकाल लागू समजायचा. तसं असेल तर त्या शाळेत वेळ घालवू नका, मनपाची शाळा गाठा.

अर्ज तोंडी करू नका. कोऱ्या कागदावर चार ओळी पुरतात : ‘माझी मुलगी अमुक इयत्ता दुसरीत शिकत होती. कुटुंब धायरी येथे राहण्यास आल्याने आरटीई कायदा २००९, कलम ५(२) अन्वये बदलीने प्रवेश मिळावा. शाळा सोडल्याचा दाखला मागितला आहे; कलम ५(३) नुसार त्याच्या विलंबामुळे प्रवेश नाकारता येत नाही. नकार द्यायचा असल्यास कारणासह लेखी द्यावा.’ सोबत जन्मदाखला, पहिलीचं प्रगतिपुस्तक आणि पत्त्याचा जो असेल तो पुरावा जोडा : विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, सोसायटीचं पत्र. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

कल्याणच्या शाळेलाही आजच लेखी अर्ज करा. फी आणि दाखला हे दोन वेगळे विषय आहेत. शाळेचं खरंच काही येणं असेल तर वसुलीसाठी तिला दिवाणी मार्ग मोकळा आहे. मुलीचा दाखला गहाण ठेवून वसुली करता येत नाही. तुमच्या बाजूने म्हणाल, तर मुलगी जितके महिने शाळेत गेली तितक्यांची फी बँकेतून भरून टाका आणि ‘वाद कायम ठेवून भरत आहे’ असं पत्रात लिहा. त्यामुळे ‘पालक फी बुडवतात’ हे म्हणायची सोय राहणार नाही. मात्र दाखला देताना ‘संपूर्ण वर्षाची फी देणे लागतो’ अशा मजकुराच्या कागदावर सही मागतील, ती करू नका. असे कागद मी पाहिलेत, घाईत सही करणारे पालकही पाहिलेत.

कागदावरचा दाखला मिळाला तरी यू-डायस आणि सरल या ऑनलाइन नोंदींत मुलीचं नाव जुन्या शाळेतच अडकलेलं असू शकतं. ‘ऑनलाइन नाव सोडत नाहीत’ ही हल्लीची नेहमीची तक्रार. अर्जात दाखल्याबरोबर तेही मागा. आठवडाभरात हालचाल दिसली नाही तर कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या शिक्षण विभागाला तक्रार द्या आणि प्रत ठाणे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. तक्रारीवर ‘कलम ३२ अन्वये’ असं आवर्जून लिहा. या कलमाखालच्या तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. तीन महिने म्हणजे मुलीचं अर्धं सत्र, हे मलाही दिसतं. पण कलम ३२ चा अर्ज नोंदला गेला की बहुतेकदा विस्तार अधिकाऱ्याच्या एका फोनवर काम होतं. नाहीच झालं, तर पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयातली रिट याचिका हे शेवटचं पाऊल, आणि लेखी नकार, पोच, तारखा हातात असल्याशिवाय तिचा विचारही करू नका.

इंग्रजी शाळेने घेतलेल्या मुलाखतीबद्दल थोडक्यात. कलम १३ विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणं बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. विकासनिधीच्या नावाखाली देणगी घेतली तर तिच्या दहापट दंडाची तरतूद आहे आणि १९८७ चा महाराष्ट्राचा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदाही आहेच. तक्रार जरूर करा, पण त्यातून मुलीला जागा मिळेल अशी आशा धरू नका. आरटीईखालचा खटला भरायलासुद्धा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. विकासनिधी देऊ नका, एवढं मात्र पाळा.

करार नोंदवायला टाळणाऱ्या मालकांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ दाखवा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे दुसरं कळलं की मालक लवकर तयार होतात. नोंदणी ऑनलाइन होते आणि खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवलीत तर गोष्ट सोपी होईल. मुलीच्या प्रवेशासाठी हा करार अडून राहू नये, पण धाकट्यासाठी तो लागणारच.

कारण २५ टक्क्यांच्या जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात. दुसरीतल्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. मुलाला मात्र, शाळेचा प्रवेश पूर्वप्राथमिकपासून असेल आणि तो वयात बसत असेल तर, पुढच्या वर्षी अर्ज करता येईल. आज तो सहाच्या आतला असल्याने कलम ५ चा हक्क त्याला नाही. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो; वंचित गटातून करायचा तर जातीचा दाखला काढून ठेवा. सरकारी शाळेच्या एक किलोमीटरमधल्या खासगी शाळांना या जागांतून सूट देणारा फेब्रुवारी २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे तुमच्या परिसरातल्या खासगी शाळाही यादीत असतील. अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं. कुणी ‘बहिणीचा पत्ता टाका’ असं सुचवील, ते करू नका. पडताळणीत उघड झालं तर प्रवेश जातो आणि खोट्या कागदपत्रांचं प्रकरण मागे लागतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडून निदान अकरा महिन्यांचा, अर्जाच्या तारखेच्या आधी नोंदवलेला करार मागतात. अर्ज बहुधा जानेवारीच्या आसपास सुरू होतात, तेव्हा मालकांशी हे बोलणं दिवाळीच्या आत उरकून घ्या.