पिवळं सलाइन आणि आजीच्या इडल्या

प्रश्न : माझी 6 वर्षांची नात ब्लड कॅन्सरच्या (एएलएल) उपचारासाठी मुंबईत आहे. केमोच्या तिसऱ्या आठवड्यात ताप आला, 5 दिवस अँटिबायोटिक देऊनही उतरेना. छातीचा सीटी स्कॅन केला, तर फुप्फुसात बुरशी निघाली. सूनबाई म्हणते, मी आंबवलेल्या पिठाच्या इडल्या भरवल्या त्यानं झालं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला बुरशीवर गोळ्या आहेत, आमच्या पोरीला मात्र रोज पिवळं सलाइन. त्यानं तिला हुडहुडी भरते. आम्ही सवलतीतले पेशंट म्हणून का? धाकट्या भावाला तिच्याजवळ जाऊ द्यावं का?
– एक आजी, संगमनेर

उत्तर : आजी, आधी इडलीचा निकाल लावते. वाफेवर शिजलेल्या गरम इडलीतून फुप्फुसात बुरशी जात नाही. सूनबाईंना हे पान वाचायला द्या.

छातीतली बुरशी बहुधा ॲस्परजिलस असते. कडबा, शेंगांचं पोतं, ओल आलेली भिंत, पाडकामाची धूळ, सगळीकडे ती असते आणि तिचे बीजाणू तुम्ही-आम्ही रोज श्वासातून आत घेतो. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे फडशा पाडतात. नातीच्या रिपोर्टवर ‘एएनसी’ म्हणून या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा असेल, तो पाहा. तो 500 च्या खाली 10 दिवसांहून जास्त राहिला, की आत राखणदारच उरत नाही. त्यात पहिल्या महिन्यात स्टेरॉइड चालू असतं. म्हणून अँटिबायोटिकनं चार दिवसांत ताप हटला नाही, तर आम्ही बुरशी शोधायला लागतो. तुमच्या डॉक्टरांनी वेळेत स्कॅन केला, हे फार बरं झालं.

आता पिवळं सलाइन. ते ॲम्फोटेरिसिन. माझ्या वॉर्डातली पोरं त्याला ‘हळदीचं पाणी’ म्हणायची. सवलतीचा इथे काही संबंध नाही. तुमच्या नातीला दर आठवड्याला व्हिंक्रिस्टिन नावाचं केमोचं इंजेक्शन मिळत असणार. बुरशीवरच्या बहुतेक गोळ्या यकृतात त्याची वाट अडवतात, मग ते अंगात साचतं. व्हिंक्रिस्टिन चालू असलेल्या एका मुलाला अंगावर नायटा आला म्हणून गावाकडे कुणीतरी इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं असंच एक औषध दिलं. आठवड्यानं तो आमच्याकडे आला तेव्हा पोट ढोलासारखं, 6 दिवस शी नाही, जबडा दुखतोय आणि पाय उचलताना पंजा लोंबतोय. सावरला, पण चालायला त्याला दोन महिने लागले. शेजारच्या मुलाचा ब्लड कॅन्सर वेगळ्या प्रकारचा असेल, त्यात व्हिंक्रिस्टिन नसतंच. दुसरं असं की, 2021 मध्ये काळी बुरशी म्हणून जी घरोघर माहीत झाली, त्या म्युकरवर व्होरिकोनॅझोलची गोळी चालत नाही. बुरशी कोणती हे पक्कं होईपर्यंत दोन्हींवर चालणारं हेच सलाइन बरं.

हुडहुडी या औषधाची खोडच आहे. सलाइनच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचं औषध देतात का, विचारा. पोटॅशियम उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून वरचेवर रक्त काढतात. पोटॅशियमचं खारट औषध ती थुंकून टाकणार. डॉक्टरांना विचारून थंड सरबतातून द्या.

केमो काही दिवस मागे ढकलतील, सोडून देणार नाहीत. बुरशीचा उपचार मात्र निदान 6 ते 12 आठवडे चालतो. मध्येच स्कॅनमध्ये डाग मोठा दिसला तर लगेच धीर सोडू नका. पांढऱ्या पेशी परत येऊन तिथे गर्दी करतात, तेव्हाही तो आधी वाढलेला दिसतो. पण खोकल्यातून लालभडक रक्त आलं, तर रात्रीचे 2 वाजले असले तरी सिस्टरांना उठवा.

भावाला भेटू द्या, ही बुरशी एकाची दुसऱ्याला लागत नाही. मला भीती त्याच्याकडून तिला काय लागेल याची आहे. सर्दी-ताप असला तर नको. त्याच्या वर्गात कुणाला कांजिण्या उठल्या असतील तर त्याला आत्याकडे ठेवा. आणि तो आधीच भेटून गेला असेल, तर त्याच दिवशी वॉर्डात सांगा.