वाचकांचे प्रश्न : त्वचेच्या पेशी एकमेकींना काय सांगतात?

प्रश्न : शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो. मग त्वचेच्या तळातली एक पेशी विभागत राहते आणि तिचीच बहीण वर जाऊन मरते, हे ठरवतं कोण?

बरंचसं शेजारी ठरवतात, आणि काही पायाखालची जमीन. बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी (बाह्यत्वचा मुख्यतः याच पेशींची बनते) इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी आधारपटलाला, म्हणजे बाह्यत्वचा ज्यावर टेकते त्या पातळ पडद्याला, घट्ट धरून बसलेल्या असतात. पकड आहे तोवर पेशीला विभागता येतं. पकड सुटली की परतीची वाट जवळपास बंद. प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येतं. तळातल्या पेशी मेथिलसेल्युलोजच्या दाट द्रावणात तरंगत ठेवल्या, म्हणजे त्यांना धरायला काहीच उरलं नाही, की दिवसभरात बऱ्याच पेशी इनव्होल्युक्रिन बनवू लागतात. हे प्रथिन वरच्या थरांची खूण. एवढंच नाही, पेशीला पसरायला किती जागा मिळते यानेही फरक पडतो. २० मायक्रॉन व्यासाच्या चिकट ठिपक्यावर बसवलेली पेशी त्याच वाटेला लागते. ५० मायक्रॉनच्या ठिपक्यावर ऐसपैस पसरलेली पेशी सहसा तळपेशीच राहते.

शेजाऱ्यांचा मुख्य निरोप नॉच नावाच्या ग्राहीतून, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनातून, येतो. नॉच एका पेशीच्या पडद्यात आणि त्याला जुळणारं जॅग्ड किंवा डेल्टा हे प्रथिन शेजारणीच्या पडद्यात रोवलेलं असतं. त्यामुळे दोघींचा स्पर्श झाल्याशिवाय निरोप पोचत नाही. शेजारीण आपलं प्रथिन आत ओढून घेते, त्या ओढीने नॉच ताणला जातो आणि दडलेली कापायची जागा उघडी पडते. एक काप बाहेरून बसतो, दुसरा पडद्याच्या आत गॅमा-सिक्रिटेज नावाचं विकर देतं. सुटलेला आतला तुकडा थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. मध्ये दलाल नाही, आणि एक ग्राही एकदाच वापरता येतो. त्वचेत या निरोपाचा अर्थ साधारण असा : विभागणं थांबव, वर चल.

हा निरोप अडवला तर काय होतं ते अल्झायमरच्या एका औषधाने दाखवून दिलं. सेमागॅसेस्टॅट हे औषध गॅमा-सिक्रिटेज रोखायचं, कारण अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड प्रथिनही तेच विकर तयार करतं. २०१० मध्ये चाचणी थांबवावी लागली. रुग्णांची स्मृती सुधारली तर नाहीच, आणि औषध घेणाऱ्यांत त्वचेचे कर्करोग जास्त आढळले.

पुस्तकातल्या आकृतीमुळे होणारा एक गैरसमज इथेच काढून टाकू. तळातली पेशी विभागते आणि जुनीला वर ढकलते, असं आपण शिकतो. जिवंत उंदरांच्या त्वचेतल्या पेशींवर दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शक रोखल्यावर क्रम उलटा दिसला : आधी एक पेशी तळ सोडते, आणि मग दिवस-दोन दिवसांत तिला लागून असलेली पेशी विभागून ती जागा भरते.

प्रश्न : उन्हात हात रापतो, पण तळहात फिकाच राहतो. तिथे रंगाच्या पेशी नसतात का?

असतात, पण कमी, आणि ज्या असतात त्याही दबलेल्या. आधी रापण्याची साखळी पाहू. अतिनील किरणांनी डीएनएला इजा होते ती केराटिनोसाइटमध्ये. तिथे पी५३ प्रथिन जागं होतं आणि पेशी अल्फा-एमएसएच हे संप्रेरक सोडते. ते शेजारच्या मेलॅनोसाइटवरच्या, म्हणजे रंगाच्या पेशीवरच्या, एमसी१आर ग्राहीवर बसतं, आणि मग मेलॅनिन हे रंगद्रव्य बनू लागतं. एक मेलॅनोसाइट साधारण ३६ केराटिनोसाइटना रंगकण पुरवते. ते कण पेशीत केंद्रकाच्या वर छत्रीसारखे जमतात. म्हणजे मार खाते एक, छत्री बनवते दुसरी.

तळव्याखालच्या अंतस्त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी (कोलाजेनसारखे तंतू बनवणाऱ्या) मात्र डीकेके१ नावाचं प्रथिन भरपूर सोडतात. हे प्रथिन डब्ल्यूएनटी या दुसऱ्या प्रथिनाचा निरोप अडवतं, आणि त्या निरोपावर मेलॅनोसाइटची वाढ व रंगनिर्मिती अवलंबून असते. तळव्याची जाड कातडीही खालून आलेल्या हुकमाने बनते : शरीराच्या इतर भागातली बाह्यत्वचा तळव्याच्या फायब्रोब्लास्टबरोबर वाढवली, तर ती तळव्याचं खास केराटिन ९ बनवू लागते.

प्रश्न : ‘ग्रोथ फॅक्टर’ असलेल्या महागड्या क्रीमने खरंच नव्या पेशी तयार होतात का?

धडधाकट त्वचेवर फार आशा ठेवू नका. ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, बाह्यत्वचेच्या पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) हा निरोप खरा आहे. स्टॅनली कोहेन यांनी १९६२ मध्ये तो उंदरांच्या लाळग्रंथीतून वेगळा केला. तो टोचलेल्या पिल्लांच्या पापण्या वेळेआधी उघडत. १९८६ चं नोबेल त्यांना रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांच्यासोबत मिळालं. अडचण आकाराची आहे. ईजीएफ ५३ अमिनो आम्लांचा, सुमारे ६,००० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक); त्वचेचा वरचा मृत थर साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहजी आत सोडत नाही. निरोप कितीही चांगला असला तरी दारच बंद.

याउलट ट्रेटिनोइन, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक आम्ल, जेमतेम ३०० डाल्टनचं, म्हणून ते आत जाऊन केंद्रकातल्या ग्राहीवर बसतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावं. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं, धुतलेला चेहरा पूर्ण वाळल्यावर, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री. पहिले काही आठवडे साल निघते. घाईने मात्रा वाढवली तर आग होते आणि लोक ते सोडून देतात. गरोदरपणात वापरू नये.

उघड्या जखमेची गोष्ट वेगळी, तिथे दारच नसतं. मधुमेही पायाच्या जखमेसाठी पीडीजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं ०.०१ टक्क्याचं जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत केराटिनोसाइट पहिल्या दोन वेळा छान वाढतात, तिसऱ्यांदा उचलून नव्या तबकात लावल्या की चपट्या, मोठ्या होऊन थांबतात. चुकतंय काय? माध्यम कमी कॅल्शियमचंच आहे. पेशी तबकातून सोडवणारं ट्रिप्सिन हे विकर दहा टक्के सीरम घातलेल्या डीएमईएम या वाढमाध्यमाने थांबवतो.

दोष तुमच्या शेवटच्या वाक्यात दिसतो. या पेशींना कॅल्शियम हाच निरोप आहे. त्वचेत ते तळाशी कमी आणि वरच्या कणमय थरात सर्वांत जास्त असतं. ०.०५ ते ०.०७ मिलिमोलरवर (हे द्रावणाच्या संहतीचं एकक) पेशी विभागत राहतात, ०.१ च्या वर गेलं की आपण वरच्या थरात आलो असं त्यांना वाटतं. डीएमईएममध्ये कॅल्शियम १.८ मिलिमोलर. त्यातलं ५ मिलि तुमच्या ०.०६ च्या १५ मिलि माध्यमात तसंच गेलं, तर मिश्रण सुमारे ०.५ वर पोचतं. वर सीरममधलं टीजीएफ-बीटा हे प्रथिन विभागणी थांबवतं ते वेगळंच.

तेव्हा ट्रिप्सिन थांबवल्यावर २०० जी वेगाने ५ मिनिटं फिरवा, वरचा द्रव पूर्ण काढून टाका आणि गोळा ताज्या माध्यमात सोडवा. सोयाबीनचा ट्रिप्सिन-रोधक वापरलात तर सीरमचा प्रश्नच मिटतो. दुसरं, तबक ६०-७० टक्के भरलं की पेशी उचला. शनिवार-रविवार तसंच ठेवून सोमवारी शंभर टक्के भरलेलं तबक उचलणं ही नेहमीची चूक. गर्दीत पेशी एकमेकींना चिकटतात आणि कॅल्शियम कमी असलं तरी बऱ्याच जणी विभागणी सोडून पुढे गेलेल्या असतात. त्या पुन्हा तळपेशी होत नाहीत.

पक्व होण्याचा प्रयोग मुद्दाम करायचा असेल, तर ८०-९० टक्के भरलेल्या तबकात कॅल्शियम १.२ मिलिमोलरवर न्या. त्यासाठी ०.०६ च्या दर १० मिलि माध्यमाला १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडचं गाळलेलं द्रावण ११४ मायक्रोलिटर लागेल. ते हलवत, थेंबाथेंबाने घाला, नाहीतर फॉस्फेटबरोबर साका बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो संसर्गासारखा दिसतो. काही तासांत पेशींमधल्या फटी मिटतात. केराटिन १० आणि इनव्होल्युक्रिन या पक्वतेच्या खुणांसाठी २४, ४८, ७२ तासांचे नमुने घ्या, आणि प्रत्येक वेळेला कमी कॅल्शियमचं जोडतबक ठेवा. ते नसेल तर फरक कॅल्शियमने पडला की नुसत्या गर्दीने, हे सांगता येणार नाही.

प्रश्न : खोल जखमेच्या व्रणावर केस का उगवत नाहीत?

केशकूप गर्भावस्थेतच तयार होतात, वरच्या आणि खालच्या थरांच्या आपसातल्या निरोपांतून. व्रणाखालच्या फायब्रोब्लास्ट कोलाजेन घालतात, तो निरोप देत नाहीत. मात्र प्रौढ उंदराच्या पाठीवर एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी जखम केली, तर ती भरल्यावर मधोमध नवे केशकूप उगवतात. डब्ल्यूएनटी अडवलं की ते येत नाहीत.