ऑनलाइन नागरिकशास्त्राच्या वर्गाचे नियम ठरवताना

नववी-दहावीचा ऑनलाइन वर्ग तुम्ही प्रथमच घेत आहात, म्हणून आवर्जून सांगतो : नियमांचे पत्रक पहिल्या तासापूर्वीच मुलांच्या आणि पालकांच्या हाती पडू द्या. उशिरा आलेल्या स्वाध्यायाचे किती गुण कापणार, हे त्यात आकड्यांत लिहा. ‘योग्य ती कारवाई’ असे मोघम लिहिले की दर आठवड्याला नवा वाद उभा राहतो. कॅमेऱ्याची सक्ती मात्र करू नका. चाळीतल्या एका खोलीत सगळे घर वावरत असताना मुलीने कॅमेरा बंद ठेवला, तर तो बेशिस्तपणा नव्हे. तिची हजेरी लेखी उत्तरावरून घ्या.

नक्कल रोखायची असेल, तर प्रश्नच तसे काढा. शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीवर टीप मागण्याऐवजी, मुंबई महानगरपालिकेच्या २२७ प्रभागांपैकी आपला कोणता, आणि नळाला पाणी कमी दाबाने आले तर तक्रार विभाग कार्यालयात, नगरसेवकाकडे की आमदाराकडे न्यायची व का, हे लिहायला सांगा. असे उत्तर आयते मिळत नाही.

चर्चेत राजकीय पक्षांचा विषय निघणारच आणि तो निघायलाही हवा; परंतु कोणाची जात, धर्म किंवा भाषा काढून बोललेले वाक्य तिथल्या तिथे थांबवा.